सुटका नसलेला ताण



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली शिकलेले अनेकजण आज इथे बसले आहेत. काय घडलं एवढ्यावर समाधान मानू नका, कशामुळे घडलं तिथपर्यंत जा, असा त्यांचा वर्गात आग्रह असे, असं त्यांचे विद्यार्थी सांगतात. आजच्या विषयाला त्या आग्रहाची फार गरज आहे. टेन्शनने प्रकृती बिघडते, हे आता कोणाला पटवून द्यावं लागत नाही. पण कोणत्या ताणाने बिघडते आणि कशी बिघडते, हे आपण विचारत नाही. त्यामुळे उपायही भलत्याच ठिकाणी शोधत बसतो.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. ज्या त्रासाला शेवट दिसत नाही आणि ज्याच्यापुढे आपलं काही चालत नाही, तो त्रास शरीरात मुरतो. कष्टाळू माणूस कष्टांनी थकतो, झोपतो आणि सकाळी उठून पुन्हा कामाला लागतो. सुटका नसलेल्या माणसाला ती झोपच मिळत नाही. म्हणून दीर्घ ताणावरचा उपचार दवाखान्यात सुरू झाला, तरी तो पूर्ण होतो घरात, शेतात, कचेरीत आणि कारखान्यात.

एवढ्या वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये 'मला दीर्घकालीन ताण आहे' असं सांगत माझ्याकडे कोणी आलेलं नाही. लोक सांगतात ते असं: छातीत धडधडतं, डोकं जड राहतं, पित्त उसळतं, मान आणि पाठ धरून येते, जेवण जात नाही, रात्री दोनला जाग येते ती येतेच. ईसीजी नॉर्मल, रक्ताचे रिपोर्ट बरे. मग सोबत आलेला भाऊ किंवा नवरा म्हणतो, "बघ, काही झालेलं नाहीये. तू उगाच मनाला लावून घेतेस." या वाक्याने पेशंटचा चेहरा उतरतो. आजार तर गेलेला नसतोच, वर तो खोटा ठरलेला असतो. रिपोर्टात न दिसणारं हे दुखणं शरीरात कसं घडतं, ते आधी पाहू.

हार्वर्ड विद्यापीठातले शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली वेदना, भूक, भीती आणि संताप यांच्या वेळी शरीरात काय बदल होतात, यावर पुस्तक लिहिलं. धोका समोर आला की प्राणी लढायची नाहीतर पळायची तयारी करतो, हे त्यांनी मांडलं. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसकडून इशारा जातो आणि काही सेकंदांत मूत्रपिंडांच्या वरच्या अधिवृक्क ग्रंथी अ‍ॅड्रिनॅलिन सोडतात. नाडी वाढते, रक्तदाब चढतो, यकृतातली साखर रक्तात येते, रक्त स्नायूंकडे वळतं. पचनासारखी कामं तेवढ्यापुरती मागे पडतात. पुढच्या काही मिनिटांत त्याच ग्रंथींमधून कॉर्टिसॉल हे दुसरं संप्रेरक येतं. ते साखरेचा पुरवठा टिकवतं आणि दाह आटोक्यात ठेवतं. रस्ता ओलांडताना अंगावर ट्रक आला तर आपण विचार करण्याआधीच मागे उडी मारतो, ती या व्यवस्थेच्या जोरावर. परीक्षेच्या आदल्या दिवशी डोकं तरतरीत होतं, तेही हिच्यामुळेच.

ही व्यवस्था थांबवायची सोयही शरीरात आहे. टाकी भरली की पाण्याची मोटर आपोआप बंद व्हावी तसं, रक्तात पुरेसं कॉर्टिसॉल झालं की मेंदू ते ओळखतो आणि आणखी सोडण्याचा हुकूम थांबवतो. धोका टळतो आणि शरीर पूर्ववत होतं. असा ताण माणसाला अपाय करत नाही.

मग अपाय कुठे सुरू होतो? माँट्रियलमध्ये काम करणारे हॅन्स सेली यांनी १९३६ साली 'नेचर' नियतकालिकात एक छोटंसं टिपण छापलं. त्यांनी उंदरांना वेगवेगळ्या प्रकारे त्रास दिला होता: थंडी, जखम, अतिश्रम, निरनिराळी औषधं. त्रास कोणताही असो, परिणाम तोच. अधिवृक्क ग्रंथी मोठ्या झालेल्या, प्रतिकारशक्तीशी संबंधित थायमस ग्रंथी आक्रसलेली आणि जठरात व्रण. पुढे न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या ब्रूस मॅक्‌एवन यांनी १९९३ साली इलियट स्टेलर यांच्यासह एक नेमका विचार मांडला. परिस्थितीशी जुळवून घेण्यासाठी शरीर जी धडपड करतं, तिची किंमत साठत जाते. जीव वाचवणारी यंत्रणाच सतत चालू राहिली, की तीच झीज घडवते.

ही झीज कशी दिसते? पुन्हा पुन्हा चढणारा रक्तदाब रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला इजा करतो. रक्तात साखर येत राहते, पण धावायचं तर कुठेच नसतं. इन्शुलिनला दाद मिळेनाशी होते आणि पोटाभोवती चरबी साठते. दाह आवरणं हे कॉर्टिसॉलचं काम, पण त्याचा मारा महिनोन् महिने चालला की रोगप्रतिकारक पेशी त्याचं ऐकेनाशा होतात आणि बारीक दाह चालूच राहतो. कॉर्टिसॉलला दिवसाची लय असते. सकाळी उठल्यावर ते सर्वात जास्त, मध्यरात्रीच्या सुमारास सर्वात कमी. ही लय बिघडली की रात्री शरीर जागं राहतं आणि सकाळी उठवत नाही. झोप बिघडली की पुन्हा रक्तदाब, साखर आणि मनःस्थिती बिघडते. असं हे एकातून एक वाढत जातं. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या 'इंटरहार्ट' या ५२ देशांतल्या अभ्यासात, हृदयविकाराचा पहिला झटका आलेल्या आणि न आलेल्या माणसांची तुलना केली होती. आदल्या वर्षी घरात किंवा कामावर कायमचा ताण होता असं सांगणाऱ्यांमध्ये झटक्याचं प्रमाण दुपटीच्या आसपास निघालं. हा प्रश्न झटका आल्यानंतर विचारलेला होता, हे लक्षात ठेवूनही त्या आकड्याकडे दुर्लक्ष करता येत नाही.

इथे कालावधीचा मुद्दा येतो, आणि तो महत्त्वाचा आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ शेल्डन कोहेन यांनी निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात सर्दीच्या विषाणूंचे थेंब सोडून प्रयोग केले. त्यातला पहिला १९९१ साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्यावर ताण जास्त, त्यांना सर्दी होण्याचं प्रमाण जास्त, असा त्याचा निष्कर्ष होता. १९९८ साली त्यांनी पुढचा प्रश्न विचारला: कोणता ताण? महिन्याच्या आत संपलेल्या कटकटींनी फरक पडला नव्हता. महिना किंवा त्याहून अधिक चाललेल्या त्रासाने पडला होता, आणि त्यात प्रामुख्याने दोन गोष्टी होत्या: बेरोजगारी किंवा अर्धवट रोजगार, आणि जवळच्या माणसांशी चाललेला झगडा.

आणखी एक प्रयोग मला अधिक जवळचा वाटतो. ओहायो राज्य विद्यापीठातल्या जॅनिस किकोल्ट-ग्लेसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली तो 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केला. स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाची घरी देखभाल करणाऱ्या १३ स्त्रिया त्यांनी निवडल्या आणि त्याच वयाच्या, अशी जबाबदारी नसलेल्या दुसऱ्या १३. प्रत्येकीच्या कातडीवर साडेतीन मिलिमीटरची एक छोटी जखम केली आणि ती भरायला किती दिवस लागतात ते मोजलं. दुसऱ्या गटाला सरासरी ३९ दिवस लागले. देखभाल करणाऱ्या स्त्रियांना जवळजवळ ४९. जखम तीच, हात तसेच, आणि भरून यायला नऊ-दहा दिवस जास्त.

मित्रहो, अशा बाया आपल्या प्रत्येक गल्लीत आहेत. अंथरुणाला खिळलेल्या सासूची कूस बदलणं, पुसणं, भरवणं, रात्री तीन वेळा उठणं, आणि सकाळी सहाला डबे. त्या दवाखान्यात येतात त्या सासूचं औषध न्यायला. स्वतःचं बीपी बघायला सांगितलं तर म्हणतात, "माझं राहू द्या, मला काय झालंय?" मोजलं तर वरचं १७० निघतं. पाहुणे येतात ते सासूबाईंची चौकशी करून जातात. एखाद्या दुपारी 'तू चार तास झोप, मी बसतो' असं म्हणणारं कोणी नसतं. त्या चार तासांना औषधाचं मोल आहे, हे मी वैद्यकीय जबाबदारीने सांगतो.

आता मनाकडे वळू, म्हणजे खरं तर मेंदूकडे. या विषयातलं एक मोलाचं काम आपल्याच देशात झालं आहे. बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात सुमंत्र चट्टर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना रोज दोन तास, असे दहा दिवस, हालचाल करता येऊ नये अशा स्थितीत ठेवलं. त्यानंतर मेंदूतल्या पेशींच्या फांद्या तपासल्या. स्मृतीशी संबंधित हिप्पोकॅम्पसमध्ये त्या फांद्या आखडल्या होत्या. भीतीशी संबंधित अमिग्डलामध्ये त्या वाढल्या होत्या. हे २००२ साली प्रसिद्ध झालं. दोन वर्षांनी त्यांनी पुढची गोष्ट दाखवली. त्रास थांबवून तीन आठवडे विश्रांती दिल्यावर हिप्पोकॅम्पस सावरला, अमिग्डला मात्र तसाच राहिला आणि उंदरांचं घाबरणंही टिकून राहिलं.

उंदरांवरून माणसाचे निष्कर्ष सरळ काढता येत नाहीत. तरी ज्यांनी वर्षानुवर्षं कर्जाच्या किंवा मारहाणीच्या सावटाखाली काढली, त्यांना समजून घ्यायला हे काम मदत करतं. कर्ज फिटलं तरी फोन वाजला की छातीत धस्स होतं. नवरा दारू सोडून दोन वर्षं झाली तरी संध्याकाळी फाटक वाजलं की बाईचे हात थरथरतात. 'आता तर सगळं ठीक आहे ना, मग अजून काय?' असं घरचे विचारतात. सगळं ठीक होणं आणि शरीराला ते पटणं यांत अंतर असतं, आणि त्या काळात माणसाला दटावण्याऐवजी सांभाळावं लागतं. हाच दीर्घ ताण पुढे अनेकांना नैराश्याकडे आणि चिंताविकाराकडे नेतो. विसरभोळेपणा, चिडचिड, साधा निर्णय न घेता येणं ही त्याची आधीची खूण असते.

हा ताण सर्वांना सारखा वाट्याला येतो का? याचं उत्तर लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतून मिळालं. 'व्हाइटहॉल अभ्यास' म्हणून ओळखलं जाणारं हे काम १९६७ साली सुरू झालं. त्यात सुमारे १८ हजार पुरुष नोकरदारांची पाहणी होती. मोठ्या अधिकाऱ्यांच्या डोक्यावर जबाबदारी जास्त, तेव्हा हृदयविकारही त्यांनाच जास्त, अशी तेव्हाची समजूत होती. निघालं उलटं. सर्वात खालच्या श्रेणीतल्या शिपाई वगैरे कर्मचाऱ्यांत हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण सर्वात वरच्या अधिकाऱ्यांच्या तिपटीहून अधिक होतं, आणि मधल्या प्रत्येक पायरीवर ते उतरंडीप्रमाणे होतं. विडी-सिगारेट, रक्तदाब वगैरे धरूनही निम्म्याहून अधिक फरक उलगडेना. १९८५ साली मायकेल मार्मट यांनी दुसरा अभ्यास सुरू केला. त्यात १०,३०८ स्त्री-पुरुष होते. या वेळी कामावर तुमचं कितपत चालतं, हेही विचारलं होतं. काम कसं आणि कधी करायचं यात ज्यांना काहीच मुभा नव्हती, त्यांना पुढे हृदयविकाराचा धोका अधिक असल्याचं दिसलं. साहेबाला काम जास्त असतं, पण बैठक पुढे ढकलायचा अधिकारही असतो. शिपायाला तो नसतो.

हे लंडनचं झालं. आपल्याकडच्या ऊसतोडीकडे पाहा. मुकादमाकडून उचल घेऊन नवरा-बायकोची जोडी सहा महिने कारखान्याच्या फडावर जाते. एक दिवस बाई ताप येऊन झोपली तर खाडा लागतो आणि तो उचलीतून कापला जातो. पहाटे किती वाजता गाडी भरायची, पाळीच्या दिवसांत काय करायचं, पोर आजारी पडलं तर कोणी थांबायचं, यातलं काहीच तिच्या हातात नाही. माझ्या टेबलासमोर बसून अशा बाईला मी 'टेन्शन घेऊ नका' असं कोणत्या तोंडाने सांगू?

उसाच्याच संदर्भात आणखी एक अभ्यास आहे. आनंदी मणी, सेंधिल मुल्लयनाथन, एल्डर शफीर आणि जियायिंग झाओ यांनी तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांची बुद्धीची चाचणी दोनदा घेतली. एकदा तोडणीआधी, हातात पैसा नसताना. दुसऱ्यांदा तोडणीनंतर, पैसा आल्यावर. तेच शेतकरी पैसा आल्यावर लक्षणीय चांगले ठरले. २०१३ साली 'सायन्स'मध्ये हे प्रसिद्ध झालं. पैशाच्या विवंचनेने डोक्यातली बरीच जागा व्यापलेली असते आणि बाकीच्या विचाराला कमी जागा उरते, असा संशोधकांनी याचा अर्थ लावला. आता हे आपल्या कायद्याशी जोडून पाहा. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, उशीर झाला तर १५ टक्के व्याजासह. ही तरतूद अर्थव्यवहाराची म्हणून वाचली जाते. मी ती आरोग्याची तरतूद म्हणूनही वाचतो. थकलेल्या बिलाचा प्रत्येक आठवडा शेतकऱ्याच्या झोपेतून, रक्तदाबातून आणि निर्णयशक्तीतून वसूल होत असतो.

इथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. प्रत्येक दुखण्याचं खापर ताणावर फोडणंही घातक आहे. कित्येक दशकं जठराच्या अल्सरला काळजीखोर स्वभाव जबाबदार धरला जात होता. ऑस्ट्रेलियातल्या रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी त्यामागे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू दाखवला. त्यांना २००५ साली नोबेल मिळालं. 'तुम्ही फार विचार करता' असं ऐकत आलेले असंख्य रुग्ण अँटिबायोटिक्सनी बरे झाले. तेव्हा छातीतली धडधड ताणाची म्हणण्याआधी थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासा. आणि ती ताणाचीच निघाली, तर ती कमी खरी मानू नका.

मग करायचं काय? व्यक्तीच्या हातात काही गोष्टी नक्की आहेत. झोपेची वेळ पाळणं, रोज अर्धा तास घाम येईल असं चालणं, संध्याकाळनंतर चहा-तंबाखू आवरणं, बीपी-शुगरच्या गोळ्या न चुकवणं, आणि मनातलं एका तरी माणसाशी बोलणं. योग आणि श्वसनाच्या अभ्यासाने अनेकांना खरोखर आराम पडतो. पण हे सगळं करायला दिवसातला एक तास आपला स्वतःचा असावा लागतो. ज्याच्याकडे तो तासच नाही, त्याला शिबिराची जाहिरात देऊन भागत नाही.

दुसरा उपाय सोबतीचा. विक्रम पटेल आणि 'संगाथ' संस्थेने गोव्यात दाखवून दिलं की गावातल्याच, डॉक्टर नसलेल्या व्यक्तींना नीट प्रशिक्षण दिलं तर त्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नैराश्याच्या आणि चिंतेच्या रुग्णांना चांगली मदत करू शकतात. 'मानस' या त्यांच्या चाचणीचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. विदर्भात अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' प्रकल्पाने हीच वाट धरली. सुरुवातीला नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणारे ४.३ टक्के होते. दीड वर्षानंतर ते २७.२ टक्के झाले. शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांनी ओळखल्या जाणाऱ्या भागात हे घडलं, आणि ते घडवलं गावात घरोघरी फिरून बोलणाऱ्या माणसांनी. 'टेलि-मानस'चा १४४१६ हा सरकारी क्रमांक आज मराठीतही उत्तर देतो. तो आपल्या शाळेच्या, सोसायटीच्या आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहून ठेवा.

तिसरा उपाय धोरणाचा, आणि त्याची दिशा आपल्या कायद्याने दाखवली आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ यातलं कलम ११५ सांगतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती, असंच गृहीत धरायचं. तिच्यावर खटला चालवायचा नाही, उलट तिची काळजी आणि उपचार ही सरकारची जबाबदारी. हा अधिनियम २०१८ पासून अमलात आहे. ज्या माणसाला आपण काल गुन्हेगार म्हणत होतो, त्याच्या ताणाची दखल कायद्याने घेतली. माझी मागणी इतकीच, की ती दखल शेवटच्या क्षणाची वाट न पाहता आधी घेतली जावी.

आणि ती घेणारी माणसं या सभागृहात बसलेली आहेत. इथे दुकानदार आहेत, संस्थाचालक आहेत, कारखान्याचे संचालक आहेत, कार्यालयप्रमुख आहेत, घरातली वडीलधारी माणसं आहेत. कोणाचा पगार कोणत्या तारखेला व्हायचा, कोणाची पाळी कधी बदलायची, कोणाची रजा मंजूर करायची, घरातल्या आजाऱ्याजवळ रात्री कोणी बसायचं, हे ठरवायचा अधिकार आपल्यापैकी बहुतेकांकडे थोडाफार आहे. तारीख पाळा. बदल आधी कळवा. आजारपणाची रजा कापू नका. देखभाल करणाऱ्याला आठवड्यातून एक दिवस मोकळा करा. हाताखालच्या माणसाला त्याच्या कामात थोडं ठरवू द्या. यातली एकही गोष्ट उपकार म्हणून करू नका. दुसऱ्याच्या दिवसावर ज्याची सत्ता चालते, त्याच्याकडे त्या माणसाच्या रक्तदाबाचीही जबाबदारी येते. माझी प्रिस्क्रिप्शनं त्यानंतरच नीट लागू पडतील.